माकाबेच्या रानातून घळीकडे

मॉरिशसच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात दोन बाजूंनी शिरता येतं. पश्चिमेकडून शिरलात तर आधी नदीकाठचा सपाट रस्ता लागतो आणि मग छातीवरचा चढ. पूर्वेकडून, म्हणजे ल पेत्रँच्या पठारावरून शिरलात तर आधी पठार, मग धारेवरचं रान आणि शेवटी घळीत उतरणारी वाट. सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाला पहिला मार्गच जवळचा वाटेल, कारण आपल्याकडे डोंगर खालून वर चढायचा असतो. पण काकांनी पूर्वेचा आग्रह धरला. म्हणाले, "दम लागलेला माणूस पायाखालचं बघतो, झाड बघत नाही. वरून सुरुवात करा. पाय ताजे असतानाच खरं रान लागतं."

काका कास्काव्हेलचे. बेटाच्या पश्चिमेला, उसाच्या शेतांच्या कडेला वसलेल्या या गावात मराठी घरं बरीच आहेत. काकांचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबई बंदरात आले आणि तिथून करारावर ऊसतोडीसाठी इकडे. १८३४ पासून अशी लाखो माणसं हिंदुस्थानातून मॉरिशसला आली. मराठी मुलूखातली त्यातली थोडी, पण त्यांनी भाषा, गणपती आणि विठोबा टिकवला. गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते. काका घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली बोलतात. मराठी त्यांनी लहानपणी संध्याकाळच्या बैठकेत शिकली आणि पुढे शाळेत शिकवलीही. त्यामुळे त्यांची मराठी सावकाश आणि नीट, पुस्तकातली वाक्यं असावीत तशी. सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यांनी या रानात घालवला आहे. माझी ओळख आत्येबहिणीमार्फत झाली. भेटल्यापासून मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि वयाने एवढे मोठे असूनही 'तुम्ही' सोडत नाहीत.

जून महिना होता. आपल्याकडे पावसाची वाट बघायचे दिवस, तिथे मात्र हिवाळा. कास्काव्हेलहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. व्हाकोआ ओलांडून मार ओ व्हाकोआच्या मोठ्या जलाशयाजवळ आलो तर काचेवर दंव, आणि ल पेत्रँला पोचेपर्यंत धुकं आणि भुरभुर. आग्नेयेकडून येणारे वारे पठाराला आपटतात आणि आपलं पाणी वरच्या वर सोडून देतात, पश्चिम किनारा कोरडा राहतो. महाबळेश्वर आणि वाई ज्यांनी एका दिवसात पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. फक्त इथे सगळं बेट पासष्ट किलोमीटर लांब, त्यामुळे हा फरक तासाभराच्या आत दिसतो.

रस्त्याच्या कडेला बादल्या आणि पिशव्या घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं झुडपांत शिरलेली दिसली. चिनी पेरूचा हंगाम होता. बोराएवढं, लाल, आंबटगोड फळ. मीठ आणि कुटलेली मिरची लावून खातात. काकांच्या पुतण्याने गाडी थांबवून एक पुडा घेतला आणि आम्ही तो संपवलाही. फळ खरोखर फार छान लागतं. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढे याच झाडाबद्दल बरंच वाईट लिहायचं आहे.

ल पेत्रँच्या माहिती केंद्राजवळ उतरल्यावर काकांनी पिशवीतून ब्रश काढला आणि आधी स्वतःचे, मग माझे बूट तळापासून घासले. खाचांमध्ये अडकलेली माती, गवताची कुसळं, सगळं काढलं. माझ्या बुटांत पुण्याच्या टेकडीची माती असणारच. "बियाणं पायानेच येतं," एवढंच म्हणाले. इतक्या वर्षांच्या भटकंतीत हे मला कोणी करायला लावलं नव्हतं. आता मी आपल्याकडेही करते, विशेषतः कातळसड्यावर जायच्या आधी.

पठारावरची पहिली काही पावलं मला अगदी घरची वाटली. पायाखाली जांभा होता. रत्नागिरीच्या सड्यावर असतो तसाच लालसर, भोकाभोकांचा, वर मातीचा पातळ थर आणि जिथे खोलगट तिथे साचलेलं पाणी. अशा निकस जमिनीवर उंच झाडं उभी राहत नाहीत, कमरेएवढी चिवट झुडपं राहतात. त्यांच्यामधून केवड्याच्या कुळातली झाडं डोकं वर काढून उभी होती. या कुळाच्या कितीतरी जाती फक्त मॉरिशसमध्ये सापडतात. दलदलीत उभं राहता यावं म्हणून बुंध्यापासून काठ्यांसारखी मुळं खाली टेकवलेली. केवड्याचं बन कोकणात पाहिलेलं असल्यामुळे मी ती लांबूनच ओळखली आणि मला फार आनंद झाला.

मग माकाबेचा रुंद मातीचा रस्ता सुरू झाला. जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना गच्च हिरवं. साळुंकी बोलत होती. शिपाई बुलबुलाची शीळ आली. वरून पोपटांचा थवा किंचाळत गेल्याचा आवाज आला. मी काकांना म्हटलं की मला परक्या देशात आल्यासारखं वाटतच नाहीये. ते थांबले आणि म्हणाले, "म्हणजे अजून रान सुरू झालं नाही."

हे वाक्य पुढे दिवसभर माझ्याबरोबर चाललं. साळुंकी इथे १७६२ मध्ये आणली, उसावरच्या टोळांचा बंदोबस्त करायला. शिपाई बुलबुल १८९२ मध्ये आला. मुंगूस १९०० मध्ये, उंदीर मारण्यासाठी. त्याने उंदरांबरोबर पक्षीही मारले. आपला नेहमीचा पोपट १८८६ च्या सुमारास आला आणि रानात पसरला. हे सगळे आपल्याकडचे. त्यांच्या आधी डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून हरणं आणली. माकडं, डुकरं, उंदीर जहाजांतून आले. माणसाआधी या बेटावर सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं होती. माणसाला धोका होईल असा विषारी साप नाही, बिबट्या नाही, कोल्हा नाही. एवढ्या निर्धास्त जागी वाढलेल्या पक्ष्यांपैकी डोडोचं काय झालं ते जगाला माहीत आहे. १६३८ मध्ये डच वसाहत झाली आणि त्याच शतकात डोडो संपला. बेटावरची दोन्ही जातींची महाकाय कासवंही नंतर संपली. त्यांच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

ओळखीच्या आवाजांचा आनंद मग मला तितकासा होईना. त्या हिरव्या भिंतीकडे मी नीट बघायला लागले. ती बहुतेक सगळी बाहेरून आलेल्या चिनी पेरूची होती. मनगटाएवढी गुळगुळीत खोडं, इतकी दाट की हात घालायला जागा नाही. अधूनमधून प्रिव्हेट या तसल्याच परक्या झुडपाची झाडी. खाली जमिनीवर काळोख आणि कुजलेली पानं, एकही रोप नाही. त्या गर्दीतून मूळ जातीचं एखादं म्हातारं झाड छत्रीसारखा माथा घेऊन वर गेलेलं. काका म्हणाले, "हे झाड दरवर्षी फळतं. पण त्याचं एकही मूल मोठं होत नाही." पिकण्याआधीच फळं माकडं तोडून टाकतात. जी खाली पडतात ती डुकरं आणि उंदीर फोडतात. त्यातूनही जे रुजतं त्याला पेरूच्या सावलीत ऊन मिळत नाही, आणि मिळालंच तर कोवळा शेंडा हरीण खातं. म्हातारी झाडं वादळात एकेक करून पडतात, पडलेल्या जागेवर पेरू येतो. लांबून बघणाऱ्याला डोंगर हिरवाच दिसत राहतो.

मला हेच मनापासून सांगायचं आहे. मी कॉलेजात असल्यापासून हिरवं दिसलं की जंगल म्हणत आले आहे. आपल्याकडेही घाणेरी आणि रानमोडीने वेढलेल्या वाटांना आपण घनदाट जंगल म्हणतो आणि फोटो काढतो.

पुढे ब्रिझ फेरच्या बाजूला कुंपण घातलेलं रान आलं. रस्त्याच्या एका अंगाला जाळी, दुसऱ्या अंगाला मोकळं रान. जाळीच्या आतली जागा पहिल्या नजरेला मला उजाड वाटली. झाडांमध्ये अंतर, मध्ये आडवी पडलेली खोडं, जमिनीवर ऊन. बाहेरची बाजू हिरवी, आतली विरळ. काकांनी मला जाळीजवळ उकिडवं बसायला सांगितलं. बसल्यावर दिसलं की आतली जमीन रोपांनी भरली आहे. वीतभर, हातभर, काही गुडघ्याएवढी. तांबूस कोवळी पानं, जाड चकचकीत पानं, नेच्यांच्या गुंडाळ्या, एकसारखं काहीच नाही. बाहेरच्या बाजूला त्याच मातीत, पाच पावलांवर, पेरू सोडून काही नव्हतं.

हे तुकडे माणसांनी हाताने राखलेत. डुकरं आणि हरणं आत येऊ नयेत म्हणून कुंपण, आणि आतला पेरू, प्रिव्हेट, रानटी काटेरी वेल मुळासकट उपटायचं काम. ते एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं, कारण पेरूचं बी पक्षी आणत राहतात. याच माकाबेच्या रानात वॉन आणि व्हीए या दोन शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात झाड न् झाड मोजून अभ्यास केला होता, म्हणून इथे आधी काय होतं ते आज ताडून बघता येतं. राष्ट्रीय उद्यान व्हायला मात्र १५ जून १९९४ उजाडावं लागलं. मॉरिशसमधलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, सुमारे ६७ चौरस किलोमीटरचं. बेटावर उरलेल्या मूळ रानाचा मोठा भाग इथेच आहे, आणि चांगलं म्हणावं असं मूळ रान सबंध बेटाच्या दोनेक टक्केच उरलंय. आधी डचांनी आबनूस तोडला, मग फ्रेंच आणि इंग्रज राजवटीत उसासाठी रान गेलं, आणि अगदी १९७० च्या दशकातही पठारावरचं मूळ रान काढून पाइन लावले गेले. उसाचा विषय निघाल्यावर काका म्हणाले, "ती शेतं आमच्याच माणसांनी नांगरली. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. माझ्या हातात आहे." त्यानंतर बराच वेळ ते पुढे चालत राहिले, मी मागे.

इथून पुढची वाट मी आयुष्यात विसरणार नाही. रस्ता अरुंद झाला, साळुंक्यांचा आवाज मागे पडला. आबनुसाचं झाड मी पहिल्यांदा पाहिलं. काळं लाकूड म्हणजे काहीतरी भव्य असेल असं मनात होतं. खोड करडं, शेवाळलेलं, माझ्या मिठीत सहज मावेल एवढं. काळेपणा फक्त आतल्या गाभ्यात. हे टेंभुर्णीचं सख्खं भावंड, एकाच कुळाचं आणि एकाच प्रजातीचं, फक्त जात वेगळी. जवळच माकाक नावाचं झाड होतं, ते बकुळीच्या नात्यातलं. जांभळीच्या नात्यातली झाडं तर पावलोपावली. पान चुरगळून बघायची फार इच्छा झाली. काकांनी खाली पडलेलं एक पान उचलून दिलं, झाडाचं तोडू दिलं नाही. म्हणजे ओळख इथेही होती, पण ती कोणी जहाजातून आणलेली नव्हती. वाऱ्याने, पक्ष्यांनी, समुद्राच्या लाटांनी कधीतरी एखादं बी इथवर आलं असेल आणि मग त्या बीजाने लाखो वर्षं इथल्या इथे आपला संसार वेगळा मांडला.

खडकाचंही तेच. वाटेवरच्या एका कापात काळा बसाल्ट उघडा पडला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातल्या ज्या तप्त स्थानावरून आपला उपखंड सरकत गेला आणि दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले, तेच स्थान आज शेजारच्या रेयुनियन बेटाखाली धगधगतंय, आणि ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी त्यानेच मॉरिशस समुद्रातून वर काढलं. राजगडाचा दगड आणि माकाबेचा दगड एकाच चुलीवरचे. मी त्या कापावर हात ठेवून उभी राहिले. काकांना हे माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनीही हात ठेवला, आणि मग पणजोबांचं गाव कोणतं, तिथे असाच दगड आहे का, असं विचारत राहिले.

तांबालाकोक नावाचं झाडही त्यांनी दाखवलं. त्याच्या बियांचं कवच दगडासारखं. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेम्पल या शास्त्रज्ञांनी असं मांडलं की हे बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नसे, म्हणून डोडोबरोबर झाडही संपत चाललं. गोष्ट इतकी सुंदर की जगभर पसरली. नंतर तरुण झाडं सापडली, बी डोडोशिवायही रुजतं हे दिसलं. काकांना जुनी गोष्ट आवडत नाही. "मेलेल्या पक्ष्यावर ढकललं की जिवंत माणसाला काम राहत नाही," असं त्यांचं मत. मला ते पटलं.

गुलाबी कबूतर दिसलं ते एका दुभंगलेल्या फांदीवर. फिकट गुलाबी छाती, तपकिरी पंख, शांत बसलेलं, आमच्याकडे बघून हललंही नाही. १९९० च्या सुमारास जंगलात अशी जेमतेम दहा कबुतरं उरली होती. आज चारशेच्या वर आहेत. पिंजऱ्यात वाढवून सोडणं, घरट्यांभोवतीचे उंदीर आणि मांजरं धरणं, ठरावीक जागी गहू आणि मक्याचा भरडा ठेवणं, असं सगळं वर्षानुवर्षं चाललंय. मॉरिशसच्या खरूचीची, म्हणजे इथल्या छोट्या शिकारी ससाण्याची, अवस्था याहून वाईट होती. १९७४ मध्ये रानात फक्त चार उरले होते. रान गेलं होतंच, त्यात मलेरियासाठी फवारलेल्या डीडीटीची भर पडली. १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा तरुण वेल्समधून इथे आला आणि त्याने हा पक्षी परत उभा केला. इको पोपटांनाही, म्हणजे इथल्या मूळच्या पोपटांनाही, जोन्सच्याच चमूने वाचवलं. १९८० च्या दशकात डझनभराच्या आसपास, आता सातशेच्या वर. तो पोपट आम्हाला थोडं पुढे दिसला. आपल्या पोपटापेक्षा गडद, पाचूसारखा हिरवा, शेपटी आखूड, आवाज जाड आणि खालच्या पट्टीतला. सकाळी ऐकलेला थवा आपल्याकडच्या पोपटांचा होता ते तेव्हा कळलं.

धारेवर एक छत्री बांधलेली आहे. तिथून घळ एकदम समोर उघडते. खाली दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून नदी, टोकाला निळी समुद्राची पट्टी, आणि आपल्या पायांखालच्या पातळीवर लांब शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी घिरट्या घालताना. ते कड्यांत घरटी करतात. डावीकडे बेटातलं सगळ्यात उंच शिखर, ८२८ मीटरचं, ढगात होतं. काकूंनी दिलेल्या दालपुऱ्या, टोमॅटोचं रुगाय आणि कोथिंबिरीची चटणी तिथे बसून खाल्ली. ऊन आलं होतं.

उतरणीबद्दल थोडक्यात सांगते. पेत्रँची उंची सहाशे मीटरच्या वर आहे आणि त्यातली बहुतेक सगळी या एका टप्प्यात उतरायची असते. लाल चिकणमाती, ओली मुळं, काही जागी दोन्ही हात लागतील अशी घसरण. आधाराला धरायला पेरूचीच खोडं मिळतात. पाऊस जोरात असेल तर ही वाट करू नये, आणि जून-जुलैत अंधार सहाच्या आत पडतो म्हणून दुपारी दोनपर्यंत धार सोडायला हवी. काठी न्यावी. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नये. खाली पोचल्यावर हवा एकदम उबदार होते, रान बुटकं आणि कोरडं होतं, आणि नदीकाठचा रुंद रस्ता दोन-तीन ठिकाणी पाणी ओलांडत बाहेर जातो. तिथे माकडं धीट आहेत, खाऊची पिशवी उघडू नका. पेत्रँपासून घळीच्या केंद्रापर्यंत दहाएक किलोमीटर होतात. आम्हाला सगळा दिवस लागला, कारण आम्ही सारखे थांबत होतो.

शेवटच्या सपाट तुकड्यावर काकांनी विचारलं, तुमच्याकडे मूळ रान राखायला कुंपण घालतात का. मी त्यांना देवरायांबद्दल सांगितलं. देवाच्या नावाने राखलेलं रान, वाळलेली काटकीही उचलायची नाही असा नेम, आत एखादी बारमाही पाण्याची जागा. काही देवराया आता देऊळ मोठं करण्यासाठी तोडल्या जातात, काहींत घाणेरी शिरली आहे, हेही सांगितलं. त्यांनी किती मोठ्या असतात, झाडं कोणती, तण काढायला कोण येतं, असे प्रश्न एकामागून एक विचारले. तण काढायला बहुतेक कोणीच येत नाही, असं मी म्हटलं. दिवाळीनंतर ते रत्नागिरीला येणार आहेत, पणजोबांचं गाव शोधायला. ब्रश आणि तण उपटायचे हातमोजे ते बरोबर आणतील. मी तोपर्यंत संगमेश्वर आणि लांज्याच्या बाजूच्या देवरायांच्या गावकऱ्यांशी बोलून ठेवते आहे, चार-पाच दिवस काम करू देतील का म्हणून. दोन गावांनी हो म्हटलंय.